सोंग, संपादणी आणि चित्रफीत : खान्देशी परिसरातील अनुकरणात्मक चित्रनिर्मितीचा एक परामर्श

प्रस्तावना

जळगाव शहरालगतचे असोदा हे गाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात बहिणाबाई चौधरी यांचे जन्मगाव म्हणून सर्वपरिचित आहे. १८८० साली येथील महाजन कुटुंबात जन्मलेल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात, घरकाम करताना त्यांनी रचलेली गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी टिपून ठेवली, म्हणूनच ती उरली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे निधन झाले आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती गाणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. टिपणारा कोणी जवळ नव्हता तेव्हा रचलेली गाणी हवेत विरली. खान्देशाच्या सांस्कृतिक इतिहासाचा विचार करताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. येथील बहुतेक निर्मिती अलिखित आहे आणि ती टिकली वा नाही, हे निर्मात्याच्या प्रतिभेइतकेच त्याच्या शेजारी कोण उभे होते यावर ठरले आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय बहिणाबाईंच्या गाण्यांपासून वरकरणी फार दूरचा आहे. लोकप्रिय हिंदी व इंग्रजी चित्रपटांची नक्कल करून, अंगावर धाडसाची कामे घेऊन, अत्यल्प भांडवलात तयार झालेल्या चित्रफिती हा तो विषय होय. या निर्मितीचे प्रमुख केंद्र मालेगाव. आज मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे. परंतु १८६९ मध्ये नाशिक जिल्हा स्वतंत्रपणे स्थापन होईपर्यंत हा भाग खान्देश जिल्ह्यात मोडत होता. पुढे १९०६ मध्ये उरलेल्या खान्देशाचेही पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. जिल्ह्यांच्या सीमा बदलल्या, तरी अहिराणी बोलीचा आणि बाजारहाटाचा संबंध तुटला नाही. येथे तयार होणाऱ्या विनोदी चित्रफिती आजही 'खान्देशी' याच नावाने विकल्या व पाहिल्या जातात, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

सोंग आणि संपादणी

नक्कल हा शब्द शिष्ट मराठीत बहुधा कमीपणाने वापरला जातो. लोकपरंपरेत मात्र तिला स्वतंत्र प्रतिष्ठा होती. गावोगाव वेश पालटून फिरणाऱ्या बहुरूप्याला खान्देशात 'रायरंद' म्हणतात. तो कधी पोलीस होऊन दारात उभा राही, कधी साधू, कधी सावकार. घरच्या मंडळींना तो रायरंद आहे हे पुरते ठाऊक असे, तरीही क्षणभर घाबरल्याचे दाखवून ती त्या खेळात सामील होत. मग पसाभर धान्य देऊन त्याची बोळवण होई. सोंगाड्या पार्टी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अहिराणी लोकनाट्यातही हाच संकेत आहे. धोतराचा सोगा डोक्यावर घेतला की राणी झाली, आणि राणी अहिराणीतच भांडू लागली तरी कोणाची हरकत नसे.

या परंपरेतील नेमका शब्द 'संपादणी' हा आहे. सोंग कोणीही आणतो, ते संपादता आले पाहिजे, असे म्हटले जाते. संपादणी म्हणजे हुबेहूबपणा नव्हे. आणलेले सोंग प्रेक्षकाच्या साक्षीने शेवटपर्यंत निभावून नेणे म्हणजे संपादणी. पोलिसाच्या सोंगात रायरंदाचा सदरा फाटका असे. तो फाटका असल्यामुळेच खऱ्या पोलिसाविषयी जे बोलता येत नसे ते त्याच्या तोंडून बोलले जाई. मूळ आणि नक्कल यांतील अंतर येथे दोष नसून अर्थनिर्मितीचे स्थान असते. मालेगावच्या चित्रफितींकडे निव्वळ हौशी अनुकरण म्हणून पाहणारे हेच अंतर लक्षात घेत नाहीत.

बारागाड्यांचे धाडस

सोंगाइतकीच धाडसाची परंपराही या भूमीत जुनी आहे. जळगाव जिल्ह्यातील अनेक गावांत अक्षय्यतृतीयेला अथवा ग्रामदेवतेच्या यात्रेत बारागाड्या ओढल्या जातात. एकामागे एक बांधलेल्या बैलगाड्या, त्यांवर दाटीवाटीने बसलेली माणसे, आणि पुढे ती सर्व माळ ओढणारा एक भगत. या दृश्यात पाहणाऱ्याचे लक्ष स्वाभाविकपणे भगताकडे जाते. परंतु भगताच्या दोन्ही बाजूंना त्याला सावरून धरणारे जे सहायक असतात, ज्यांना 'बगले' म्हणतात, त्यांच्याविना हे कार्य होत नाही. गाड्यांना वेग आल्यावर भगताचा तोल गेला तर त्याला चाकांच्या वाटेतून बाहेर खेचण्याचे काम बगल्यांचे. अपघात होतात, कधी जीवितहानीही होते. त्याचे समर्थन येथे अभिप्रेत नाही. लक्षात घ्यायचे ते इतकेच की या प्रथेत साहस एकट्याचे मानलेले नाही. धोका कोणी पत्करायचा हे जसे ठरलेले असते, तसेच त्याच्या बगलेत कोणी धावायचे हेही ठरलेले असते.

चित्रपटसृष्टीतील पूर्वसूत्रे

अनुकरणातून निर्मिती हा क्रम भारतीय चित्रपटाच्या प्रारंभापासूनच आढळतो. त्र्यंबकेश्वर येथे १८७० मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांना चित्रपटनिर्मितीची प्रेरणा मिळाली ती ख्रिस्ताच्या जीवनावरील एका परदेशी चित्रपटातून. पडद्यावर ख्रिस्त पाहताना त्या जागी राम आणि कृष्ण दिसू लागणे, ही मुळात संपादणीचीच वृत्ती होय. ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झालेल्या 'राजा हरिश्चंद्र' मध्ये तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले; १९१७ च्या 'लंकादहन' मध्ये तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. प्रेक्षकांनी त्या स्वीकारल्या, कारण सोंग स्वीकारण्याची सवय त्यांना आधीच होती. पुढे १९१८ मध्ये फाळक्यांनी नाशिक येथे हिंदुस्थान फिल्म कंपनी उभारली. मालेगाव याच जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे, हा योगायोग असला तरी दुर्लक्षणीय नाही.

मूकपटाच्या अखेरीपासून मुंबईत धाडसपटांची लाट आली. वाडिया मूव्हीटोनच्या 'हंटरवाली' (१९३५) मधून नादिया घराघरांत पोचल्या. याच प्रवाहात भगवान आबाजी पालव, म्हणजेच मास्टर भगवान, यांचा उदय झाला. कापड गिरणीतील कामगाराचा हा मुलगा डग्लस फेअरबँक्सच्या मारधाडीवर भाळलेला होता. १९३८ पासून त्यांनी अत्यल्प खर्चात धाडसपट काढण्याचा सपाटा लावला. प्रतिष्ठित समीक्षकांनी या चित्रपटांची दखल क्वचितच घेतली; पाहणारे होते ते गिरणगावातील कामगार. त्यातील किती प्रती आज उरल्या आहेत, असे विचारले तर उत्तर निराशाजनक आहे.

या धाडसाची किंमत कोणी मोजली, हेही नोंदवले पाहिजे. १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी' च्या चित्रीकरणात भगवान यांनी मारलेली थप्पड जोरात बसली आणि ललिता पवार यांच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. दीर्घ उपचारांनंतरही डावा डोळा पूर्ववत झाला नाही. नायिकेच्या भूमिका संपल्या आणि खाष्ट सासूच्या भूमिकांनी त्यांची दुसरी कारकीर्द घडली. येवल्यासारख्या विणकरांच्या गावी जन्मलेल्या या अभिनेत्रीचा अर्धवट मिटलेला डोळा मराठी-हिंदी प्रेक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या दुष्टपणाची खूण म्हणून वाचला. प्रत्यक्षात ती कामावर झालेल्या इजेची खूण होती. त्या पटलावर बगल्या कोणी नव्हता.

मागाचे शहर

मोसम आणि गिरणा यांच्या सान्निध्यात वसलेले मालेगाव हे नारो शंकर राजेबहाद्दर यांच्या भुईकोट किल्ल्याचे गाव. १८१८ मध्ये या किल्ल्यातील अरब शिबंदीने इंग्रजांना कडवा प्रतिकार केला होता. १८५७ नंतरच्या धामधुमीत आणि त्यामागून आलेल्या दुष्काळात उत्तर हिंदुस्थानातील मुस्लिम विणकर कुटुंबे मुंबई-आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे सरकली आणि त्यांतील अनेकांनी येथे माग मांडले. हातमागाचे यंत्रमाग झाले. आज हे शहर यंत्रमागांच्या खडखडाटावर जगते. मागावरची पाळी लांब, मजुरी तुटपुंजी, आणि सुटी शुक्रवारची. त्या एका दिवशी कामगारांची पावले चित्रपटगृहाकडे आणि व्हिडिओ पार्लरकडे वळत.

या शहराची दुसरी ओळख वर्तमानपत्रांनी घडवली. २००१ मधील दंगल, ८ सप्टेंबर २००६ चे आणि २९ सप्टेंबर २००८ चे बॉम्बस्फोट यांमुळे मालेगाव हे नाव देशभर केवळ तणावाच्या संदर्भात उच्चारले जाऊ लागले. नेमक्या याच वर्षांत तेथील काही तरुण एका विणकराला सुपरमॅन बनवण्याच्या खटपटीत होते.

'मालेगाव के शोले' ते 'मालेगाव का सुपरमॅन'

या चळवळीचे प्रवर्तक नासिर शेख. कुटुंबाचे व्हिडिओ पार्लर चालवताना चॅप्लिन, बस्टर कीटन यांच्या मूकपटांशी त्यांचा परिचय झाला. संकलनाचे शिक्षण नव्हते. दोन व्हीसीआर जोडून एका फितीवरून दुसरीवर दृश्ये उतरवण्याच्या खटाटोपातून त्यांनी ते आत्मसात केले. २००० च्या सुमारास, सुमारे पन्नास हजार रुपये खर्चून, 'मालेगाव के शोले' तयार झाला. मूळ 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला होता, आणि त्याचा खर्च तीन कोटींच्या घरात गेल्याचे सांगितले जाते. खुद्द 'शोले' वर कुरोसावाच्या 'सेव्हन सामुराय' ची आणि इटालियन वेस्टर्नपटांची छाया आहे, हे येथे आठवणे उचित ठरेल. नकलेची साखळी मालेगावात सुरू झाली नाही. मालेगावाने ती फक्त झाकली नाही.

मालेगावच्या दरोडेखोरांना घोडे परवडणारे नव्हते, म्हणून ते सायकलीवरून आले. बसंतीची बासमती झाली. कॅमेरा सरकता ठेवण्यासाठी सायकल आणि उंचावर नेण्यासाठी बैलगाडी वापरण्यात आली. हा केवळ काटकसरीचा भाग मानला तर त्यातील मर्म हातचे निसटते. सायकलीवरचा डाकू पाहून मालेगावचा प्रेक्षक हसला तो डाकूला नव्हे. आपल्याजवळ घोडा नाही, कधी नव्हता, आणि तरीही पाठलाग तर करायचाच आहे, या स्वतःच्या परिस्थितीला तो हसला. रायरंदाच्या फाटक्या सदऱ्याचेच हे नवे रूप होते. चित्रपट स्थानिक पार्लरमध्ये अपेक्षेपलीकडे चालला. त्यापाठोपाठ 'मालेगाव की शान' आला आणि इतरांनीही या वाटेने जाण्यास आरंभ केला. वृत्तपत्रांनी या उद्योगाला 'मॉलीवूड' असे नाव दिले, जे फारसे शोभत नाही. येथे कोणतीही 'वूड' नव्हती, होते ते मागावरून उतरलेले मित्र.

स्त्री कलाकारांचा प्रश्न येथेही उभा राहिला. शहरातील स्त्रिया कॅमेऱ्यासमोर येणे शक्य नसल्याने अभिनेत्री बाहेरगावाहून आणाव्या लागत. फाळक्यांच्या काळापासून सुमारे नव्वद वर्षे उलटली होती. या चित्रफितींच्या कौतुकात हा प्रश्न बहुधा मागे पडतो. तो मागे पडू नये.

यानंतर नासिर यांनी हाती घेतला तो सुपरमॅन. नायक होते यंत्रमागावर काम करणारे शफीक शेख, अंगाने अगदी किरकोळ. पडद्यावरचा हा सुपरमॅन तंबाखूच्या धंद्यातील खलनायकाशी झुंजतो. सुपरमॅन हे पात्र मूळचे १९३८ सालचे. अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरातील जेरी सीगेल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी ते निर्माण केले आणि त्याचे सर्व हक्क अवघ्या १३० डॉलरना विकून टाकले. शुस्टरचे वडील स्थलांतरित शिंपी होते. कापडाच्या धंद्यातील एका स्थलांतरित घरात जन्मलेले पात्र सत्तर वर्षांनी कापडाच्याच धंद्यातील दुसऱ्या स्थलांतरितांच्या वस्तीत उतरले, असे म्हणता येईल.

फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या माहितीपटामुळे या निर्मितीची प्रक्रिया तपशिलाने नोंदली गेली. हिरव्या कापडापुढे माणूस उभा करून मागून दुसरे दृश्य भरण्याची युक्ती नासिर मुंबईहून शिकून आले. साथीदारांनी शफीक यांना आडवे धरायचे आणि त्यांनी दोन्ही हात पुढे करून उडायचे, अशी ती व्यवस्था होती. चित्रीकरण चालू असताना एकमेव कॅमेरा पाण्यात पडला आणि काम ठप्प झाले. त्या प्रसंगी कोणी आरडाओरड करत नाही. सारे कॅमेऱ्याभोवती बसतात आणि तो दुरुस्त होईल काय याचा विचार करू लागतात. पटकथालेखक फरोग जाफरी, अभिनेते अक्रम खान आदी मंडळींची मुंबईविषयीची ओढ आणि मुंबईविषयीचा संशय, दोन्ही या माहितीपटात उघडपणे दिसतात. माहितीपटाचे खरे मूल्य मात्र त्या आडव्या धरलेल्या देहात आहे. पडद्यावर सुपरमॅन एकटा उडतो. माहितीपटात त्याला धरणारे हात दिसतात.

शफीक शेख यांचे २०११ मध्ये कर्करोगाने निधन झाले. 'ये है मालेगाव का सुपरमॅन' चित्रपटगृहांत आला तो २०१२ मध्ये. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्र शासनाने गुटख्यावर बंदी घातली. पडद्यावर तंबाखूविरुद्ध लढलेल्या नायकाला ही बंदी मात्र दिसली नाही.

रीमा कागती दिग्दर्शित 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा कथापट २८ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. वरुण ग्रोव्हर यांनी लिहिलेल्या या चित्रपटात दुरावलेले मित्र आजारी शफीकसाठी एकत्र येऊन सुपरमॅनचा चित्रपट काढतात, अशी रचना आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला येथे थांबावे लागते. २००८ च्या माहितीपटातील शफीक हसतमुख, उत्साही आहेत आणि त्यांच्यावर मृत्यूची छाया नाही. मित्रांनी सुपरमॅन केला तो मरणाऱ्याची इच्छा म्हणून नव्हे, तर आपल्यालाही माणूस उडवता येतो हे पाहण्यासाठी. कथापटाला कारुण्य आवश्यक वाटले असेल. मूळ घटनेत आनंद होता, आणि तोच अधिक दुर्मिळ ऐवज आहे. येथे आणखी एक उलटापालट घडली. ज्यांनी मुंबईची नक्कल केली, त्यांची नक्कल आता मुंबईने केली, आणि तीही मालेगावच्या सर्व चित्रफितींचा एकत्रित खर्च सहज झाकोळून टाकेल अशा भांडवलावर.

पार्लरकडून पडद्याविना प्रेक्षकाकडे

व्हिडिओ पार्लर ओसरले, सीडी आल्या आणि गेल्या. 'छोटू दादा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ठेंगण्या नटाच्या खान्देशी विनोदी चित्रफिती यूट्यूबवर आल्यावर त्यांचा प्रेक्षक मालेगाव-धुळ्यापुरता राहिला नाही. 'छोटू दादा ट्रॅक्टरवाला' ही चित्रफीत तर खान्देश कोठे आहे हे ठाऊक नसलेल्यांनीही पाहिली. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात जामदे येथील एक कुटुंब हिंदी गाण्यांवर अंगणात नाचून टिकटॉकद्वारे देशभर माहीत झाले. २९ जून २०२० रोजी केंद्र शासनाने त्या उपयोजनावर बंदी घातली आणि अशा कित्येक कलावंतांचा प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. बंदीच्या कारणांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. परंतु रायरंदाचे गाव एका रात्रीत नाहीसे होत नसे.

या संक्रमणात सर्वांत मोठा बदल धाडसाच्या स्वरूपात झाला. धावत्या दुचाकीवर उभे राहणारा, रेल्वेरुळांलगत किंवा धरणाच्या सांडव्यावर चित्रपटातील नायकाची ढब घेणारा आजचा तरुण बहुधा एकटा असतो. फार तर एक मित्र मोबाइल धरून समोर असतो, आणि त्याचे दोन्ही हात त्या मोबाइलमध्ये गुंतलेले असतात. बारागाड्यांत बगल्याचे हात रिकामे असणे हीच पहिली अट असते. मालेगावात माणूस उडवला जाई तेव्हा कॅमेरा एक आणि धरणारे हात अनेक असत. वर्गातील उपस्थिती आणि भ्रमणध्वनीबंदी यांवर परिपत्रके काढणाऱ्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांच्या या छंदाकडे केवळ शिस्तीचा प्रश्न म्हणून पाहिले आहे. त्यांतील अनेकांना संपादणी उत्तम जमते, याची नोंद मात्र कोणत्याही परिपत्रकात आढळत नाही.

फितींचे भवितव्य

व्हीएचएस फितीवरील चुंबकीय लेप काळाच्या ओघात क्षीण होत जातो. दमट हवेत तिला बुरशी लागते, आणि ती चालवणारी यंत्रे आता बनत नाहीत. शेवटच्या ज्ञात उत्पादक जपानी कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. पार्लरसाठी तयार झालेल्या चित्रफितींच्या प्रती मुळात थोड्या होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा पुन्हा पुन्हा लावून झिजल्या. ज्यांच्या निर्मितीला माहितीपटकार लाभला त्यांची स्मृती टिकली. ज्यांना तसा कोणी लाभला नाही, त्यांची नावे शहरातील जुन्या मंडळींच्या बोलण्यात तेवढी उरली आहेत.

जळगाव येथील विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. मालेगावची महाविद्यालये त्या विद्यापीठाच्या कक्षेत येत नाहीत, ती पुण्याला जोडलेली आहेत. परंतु धुळे, जळगाव आणि मालेगाव येथील इतिहास व मराठी विभागांना एकत्रितपणे एक काम तातडीने हाती घेता येण्यासारखे आहे. पार्लरचालक, सीडी विक्रेते, त्या काळी कॅमेरा धरलेले आणि नायकाला आडवे धरलेले लोक अद्याप हयात आहेत. त्यांच्या मुलाखती घेण्यास एक ध्वनिमुद्रक आणि काही शुक्रवार पुरेसे आहेत. सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांच्याजवळ तर केवळ कागद आणि पेन्सिल होती.